चाळीस लाडू, तीस दिवस

आई, काल तुझ्या नातीने मला फोनवर दिवस मोजायला शिकवलं. तिचं पहिलं बाळंतपण ऑगस्टमध्ये आहे, तिथेच, परदेशात. एप्रिल-मेमध्ये मी तिच्याकडे साठ दिवस राहून आले. पण त्यातले वीस दिवस आम्ही शेजारच्या देशांत फिरलो होतो, ते मी खुशाल वजा केले. गाडीत कुणी पासपोर्टसुद्धा विचारला नव्हता. व्हिसावर राहता येणाऱ्या नव्वद दिवसांतले पन्नास उरले, बाळंतिणीचा सव्वा महिना आरामात निघेल, असं धरून बसले.

ती हसली. "अगं आई, हे सगळे देश मिळून एकच घर समज. पाहुणी या खोलीतून त्या खोलीत गेली म्हणून घराबाहेर गेली का? ज्या दिवशी इथे असशील, तिथून मागचे एकशे ऐंशी दिवस बघायचे. त्यात नव्वदच्या वर नाही." म्हणजे माझे उरले फक्त तीस. माझी तरी काय चूक? सीमेवरच्या झाईला मावशीकडे जाताना मी विचारायचे, गुजरात कुठून सुरू झालं, तर तू म्हणायचीस, "पाट्या वाच." मी इतकी वर्षं सीमा पाट्यांवरच शोधत आले.

फोन ठेवला आणि घोलवडचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. माझी लेक आठ दिवसांची आहे, बागेतून चिकूच्या पेट्या ठोकल्याचा आवाज येतोय. मी डिंकाचा दुसरा लाडू उचलते आणि तू हातावर चापट मारतेस. "दिवसाला एकच. चाळीस वळलेत, चाळीस दिवस पुरायला हवेत." मला राग येतो. जेलर आहेस का, असंही मी म्हणते. तुला डब्यात माझे दिवस दिसत होते, हे मला आत्ता कळतंय.

तिसाव्या दिवशी हे न्यायला आले. सासरहून बोलावणं आलंय, असं मी सांगितलं. तू वाद घातला नाहीस. उरलेले दहा लाडू कागदात बांधलेस आणि रिक्षात बसताना म्हणालीस, "तिकडेही दिवसाला एकच हं."

आज सकाळपासून लाडू वळतेय. लेकीने बजावलंय, तीसच कर. मी चाळीस केले. एकतिसाव्या दिवशी मी तिथे नसेन, लाडू असतील. फार वाईट वाटतं गं. तिला दहा दिवस आणखी द्यायला माझी ना नाही, पण ते माझ्या हातात नाहीत.

तुझ्या-माझ्या मधे तर कुठला शिक्का नव्हता. आई, सासरहून कुणी बोलावलं नव्हतं. मलाच कंटाळा आला होता. यांना न्यायला या म्हणून चिठ्ठी मीच धाडली होती.