उलटा केलेला फ्रीज

काठोकाठ भरलेली वाटी तू फ्रीजवर ठेवतेस, आई, आणि सगळ्यांना गप्प करतेस. पाणी भिंतीच्या बाजूने ओघळतं. "बघा, मागे कललाय," तू म्हणतेस. गिरगावातला डॉक्टरांचा दवाखाना, तू तिथली नर्स, आणि रॉकेलवर चालणारा तो पांढरा फ्रीज तुझ्या ताब्यात. सकाळपासून तो गार होत नव्हता. घटसर्पाच्या इंजेक्शनच्या कुप्या तू थर्मासात, बर्फाच्या खड्यांत ठेवल्या होत्यास. तो बर्फ फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत पुरला असता, आणि दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर बंद होतं. ना मेकॅनिक मिळणार, ना बर्फ.

ज्योत तू आधीच पाहिली होतीस; निळी होती. धुराड्यातली काजळी ब्रशने काढली होतीस. राहिला होता तोल. या फ्रीजमध्ये फिरणारं काही नाही, ज्योतीने नळ्यांतलं अमोनियाचं पाणी उकळून वर चढतं आणि आपल्याच वजनाने परत खाली उतरतं, म्हणून तो सरळ उभा हवा, हे तू मला फोडणी कशी द्यावी त्या सुरात सांगितलं होतंस. मागच्या पायाखाली तू घातलेला लाकडाचा तुकडा असे. तो कोपऱ्यात पडला होता.

"तूच धक्का दिला असशील," तू कंपाउंडरला म्हणालीस. "चालतोस का धावतोस, कळत नाही."

"शप्पथ बाई, मी हातसुद्धा लावूक नाय!"

तुकडा परत घातला, तासभर थांबलो. आत गारवा नाहीच. तू मागच्या नळ्यांवर हात फिरवलास आणि म्हणालीस, "उलटा करायला हवा."

डॉक्टर म्हणाले, "बाई, तो फ्रीज आहे, अडलेलं मूल नव्हे."

"तुम्ही मूल फिरवता ना? मग मी हा फिरवते. यातही अडलंयच."

ज्योत विझवली, रॉकेलची टाकी काढली. डॉक्टरांनी कोट उतरवून एक बाजू धरली. संध्याकाळपर्यंत फ्रीज डोक्यावर उभा. पेशंट विचारायचे, आणि कंपाउंडर गंभीरपणे सांगायचा, "शीर्षासन. डॉक्टरांनी सांगितलंय." मग तो सरळ केला, तुकडा घातला, वाटी ठेवली. थेंब सांडला नाही. तू काडी ओढलीस.

आताच्या फ्रीजवरही मी वाटी ठेवून बघते. दुरुस्तीला येणारा माणूस हसतो. त्याला काय सांगणार?

तुला मात्र सांगायचं राहिलं. आदल्या रात्री फ्रीज मी सरकवला होता. मोर्चाचे फलक रंगवायला जमिनीवर जागा हवी होती. परत ढकलताना तुकडा घालायला विसरले. कंपाउंडर शपथा घेत होता तेव्हा मी मोरीत रंगाचे ब्रश धूत होते, आणि धूतच राहिले. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते एका परीने बरंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेमध्ये बर्फ धरला होता. तू कुप्या आत ठेवल्यास आणि पहिला खडा कंपाउंडरच्या हातावर ठेवलास.