पहिलं लेकरू माझं

वरचीवाडी, ता. संगमेश्वर
२४ जून २०२५

चि. अनिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुमची खुशाली विचारत नाही, कारण ती मला काल एसटीच्या कंडक्टरकडून कळली. देवरूखच्या स्टँडवर उभी होते, तर तो आपणहून जवळ आला आणि म्हणाला की बाई, तुमची भाची आता टाय लावते, परवा रत्नागिरीला मांडवीत रिक्षातून शाळेला जाताना पाहिली, अगदी मडमेसारखी दिसत होती. भल्या माणसाला वाटलं, मला आनंद होईल. मीही हसले. दुसरं काय करणार होते?

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. तू मला सांगितलं होतंस की वेदिकाला चिपळूणला मामाकडे ताप आलाय, उतरला की आणून सोडतो. मी इकडे तिच्यासाठी खिडकीखालची खाट मोकळी केली, नवी चादर घातली, आणि हजेरी घेताना रोज सांगत राहिले की ती आजारी आहे. मुलांनी तिच्यासाठी पहिला बाक राखून ठेवला आहे. राही तर तिथे कोणाला दप्तरसुद्धा ठेवू देत नाही.

फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू हसतोस आणि मी विरघळते, हे तुला लहानपणापासून पाठ आहे. कागदावर तुला हसता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुला कॅनिंगच्या कारखान्यात नोकरी लागली, पावसला रोज जायचं म्हणून मांडवीत बिऱ्हाड केलंस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ठरलं काय होतं? वेदिका नववी-दहावी माझ्याकडे राहून इथेच करणार. आणि हे आपल्या दोघांतच ठरलं नव्हतं. गेल्या दसऱ्याला देवळात नारळ ठेवून तूच गाऱ्हाणं घातलंस. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला नववीचा वर्ग मिळतोय, तर दहावीपर्यंत वाडीतलं एकही पोर बाहेर जाणार नाही, आणि त्यात पहिलं लेकरू माझं, असं तू देवाला सांगितलंस. सगळी वाडी व्हय म्हाराजा म्हणाली. मानकऱ्याचा शब्द म्हणून म्हणाली. राहीचा बाप मुंबईहून सांगत होता की आठवी पुरे झाली, पोरीला घरी बसव. तेव्हा सगुणाने नवऱ्याला एवढंच ऐकवलं की अनिलदादांची मुलगी बसते तर माझीही बसेल.

आता मी सगुणाला काय सांगू? कुंपणानेच शेत खाल्लं म्हणू? सप्टेंबरअखेर पट मोजतात. नवा वर्ग आहे, मुलं काठावर आहेत. एक गेलं की पाठोपाठ दोन जातात आणि वर्ग बंद होतो.

वेदिकाला घेऊन ये. मी कोणाला काही सांगणार नाही, ताप होता तो उतरला असंच म्हणेन.

समीक्षास आशीर्वाद. राग आहे तितकीच माया आहे, दोन्हींचा मान ठेव.

तुझी ताई
योगिनी


मांडवी, रत्नागिरी
५ जुलै २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बाई, हस्ताक्षर अजून तसंच आहे, प्रत्येक वेलांटीतून छडी दिसते. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा कान धरले. आता तरी माफ कर. सोबत आंबापोळी पाठवतो आहे. कारखान्यातली नाही, पावसच्या एका काकींनी घरी केलेली आहे.

तापाचं खोटं बोललो, कबूल. तुझ्यासमोर खरं बोलायची हिंमत झाली नाही. समीक्षाचं म्हणणं, शहरात आलोच आहोत तर मुलगी आपल्याजवळ का नको? आईचा जीव आहे, तिला कसं नाही म्हणू? इथली खासगी इंग्रजी शाळा घरापासून जवळ. प्रयोगशाळा आहे, कॉम्प्युटर आहेत, मोठं ग्रंथालय आहे. वेदिका नववीत अगदी रमली आहे. बाई कौतुक करतात. तू पाहिलीस तर तूच म्हणशील की अन्या, बरं केलंस.

आणि एक मनातलं बोलू? रागावू नकोस. तुला वेदिकाची काळजी आहे की पटाची? वर्ग बंद झाला तर तुझी बदली लांब कुठेतरी होईल, हे मलाही कळतं. पण तुझी जागा टिकावी म्हणून माझ्या मुलीने दोन वर्षं बाकावर बसायचं का? देवाचं म्हणशील, तर देव काही हजेरी घेत नाही. तो समजून घेतो.

भाताची लावणी सुरू झाली असेल. पावसात फार भिजू नकोस, तुझा खोकला मला ठाऊक आहे. वेदिका आठवण काढते.

कान धरून उभा आहे, बस म्हणशील तेव्हा बसेन.

तुझा
अनिल


मांडवी, रत्नागिरी
१० ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
वेदिकाचा शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. तू कशी आहेस? आपली भाटी मांजर व्याली का? राहीने माझा बाक राखून ठेवलाय असं बाबा एकदा हसत आईला सांगत होते, ते मी ऐकलं. तिला सांग, राखू नको.

आत्या, मी तुला एक सांगणार आहे. बाबांनी सांगू नको म्हटलंय. मी नववीत नाही. मला परत आठवीत बसवलंय. इथल्या मोठ्या बाई म्हणाल्या की मराठीतून आलेल्या मुलांना एक वर्ष मागेच घेतो. बाबा लगेच हो म्हणाले. मला बाहेर बाकावर बसवलं होतं, कोणी विचारलंच नाही. घरी येताना बाबांनी मला आइस्क्रीम दिलं आणि म्हणाले की आत्याला इतक्यात सांगू नकोस, तिला वाईट वाटेल.

तू शिकवलेले तेच सगळे धडे परत आहेत. बल आणि दाब मला तोंडपाठ आहे. मी हात वर केला आणि मराठीत सांगितलं, तर मुलं हसली. टीचर म्हणाल्या, इंग्लिशमध्ये सांग नाहीतर खाली बस. मी खाली बसले. मला येतं तेही आता येत नाही असं झालंय. वर्गातली मुलं मला दीदी म्हणतात. प्रेमाने नाही म्हणत.

पट मोजायच्या आधी मला आण ना. मी रात्री इंग्रजीचा अभ्यास करीन, कितीही करीन, पण आपल्या वर्गात करीन. बाबांना विचारलं तर गणपतीत नेतो म्हणाले. पण ते सगळ्यांनाच हो म्हणतात. तू सांगितलंस तर ऐकतील, तुला ते घाबरतात.

आई माझी वही-दप्तर बघते, म्हणून उत्तर आमच्या शेजारच्या रझियाचाचींच्या पत्त्यावर पाठव. पत्ता मागे लिहिलाय. त्या कोणाला सांगत नाहीत.

माझी खाट कोणाला देऊ नकोस.

तुझी
वेदिका


वरचीवाडी
१७ ऑगस्ट २०२५

चि. वेदिकास,
अनेक आशीर्वाद आणि एक घट्ट मिठी.

भाटी व्याली. तीन पिल्लं झाली आणि तिन्ही तुझ्या खाटेवर झोपतात. म्हणजे खाट दिलेली नाही, भाड्याने आहे.

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ उंबऱ्यावर बसून होते. मी पंचवीस वर्षं मुलांना शिकवते आहे. तुझ्यासारखं हातचं न राखता उत्तर देणारं पोर क्वचित पाहिलं. तुला खाली बसवलं याचा मला इतका राग आला आहे की तो या कागदावर मावत नाही. तू मागे नाहीस, हे पक्कं लक्षात ठेव. तुला मागे ढकललंय.

मी तुला आणणार. पट मोजायच्या आधी आणणार. बाबाशी मी बोलते. आणि त्याने नाहीच ऐकलं, तर या दसऱ्याला त्याच्या गाऱ्हाण्याला मी व्हय म्हणणार नाही, देवासमोर त्याच्या बाजूने उभी राहणार नाही. हा माझा शब्द. तुझ्या आत्याने दिलेला शब्द मोडलेला तू पाहिला आहेस का?

तोवर त्यांची इंग्रजी पुस्तकं नीट वाच. ज्ञान कोणाच्या बापाचं नसतं, त्यांच्याही नाही.

रझियाताईंना माझा नमस्कार सांग. नीट जेव.

तुझीच
आत्या


वरचीवाडी
१८ ऑगस्ट २०२५

चि. अनिल यास,
आशीर्वाद.

वेदिका आठवीत आहे.

कोणी सांगितलं ते विचारू नकोस. मला पटाची काळजी आहे असं तू लिहिलंस, तेव्हा मी रडले आणि मग स्वतःलाच तपासलं की खरंच असं आहे का. महिनाभर स्वतःला तपासत बसले. आणि तू तेव्हा तिचं अख्खं वर्ष पाण्यात घालून मला आंबापोळी पाठवत होतास! याला केसाने गळा कापणं म्हणतात.

वाडीला फसवलंस. मला फसवलंस. तेही एक वेळ गिळेन. पण पहिल्या नंबराच्या पोरीला न विचारता मागच्या वर्गात बसवलंस आणि वर तिलाच तोंड बंद ठेवायला लावलंस, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

गणपतीला येशील तेव्हा तिला घेऊन ये. तिचं नाव नववीत घालायची तयारी मी करून ठेवते. सगुणा आता रोज विचारते की वेदिकाचा ताप कसला आहे.

योगिनी


मांडवी, रत्नागिरी
२१ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गणपतीत एकटा आलो, वेदिकाची परीक्षा होती असं सांगितलं. तू माझ्याशी बोलली नाहीस, आरतीला माझ्या हातात तबकसुद्धा दिलं नाहीस. परवा तू स्वतः मांडवीत आलीस, वेदिका क्लासला गेली होती, आणि समीक्षाच्या हातचं पाणीही न घेता गेलीस. ती दोन दिवस जेवली नाही. तुझी बोलणी मला लागली. ती खरी होती म्हणून जास्त लागली.

आज थट्टा करत नाही, ताई. कॉलेज झाल्यावर मी मुंबईला मुलाखतीला गेलो होतो, आठवतं? तुम्हा सगळ्यांना सांगितलं की जागा आधीच भरली होती. जागा रिकामी होती. मला तिथे इंग्रजीत स्वतःच्या नावापुढे काही सांगता आलं नाही. समोरचा माणूस हसलाही नाही, नुसता घड्याळाकडे बघत बसला. माझ्या मुलीवर ती पाळी येऊ नये, एवढंच मनात होतं. एक वर्ष गेलं तर जाऊ दे, पण तिला तसं कोणी बघू नये. आता परत आणली तर तिचं इथलंही गेलं आणि तिथलंही. तिला पाठवणं मला जमणार नाही.

वर्ग बंद होणार असं कळलं. मला झोप लागत नाही, खरंच सांगतो.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. दसऱ्याला गाऱ्हाणं मलाच घालायचं आहे. खालच्या घरचे म्हणतायत की ज्याने देवाला दिलेला शब्द मोडला त्याच्या मागे आम्ही व्हय म्हणणार नाही. वाडी गप्प राहिली तर आप्पांमागे माझ्याकडे आलेला मान आपल्या घरातून जाईल, आणि तोही सगळ्यांदेखत. आप्पांचं शेवटचं वर्ष आठव. बोलता येत नव्हतं तरी खुर्चीवर बसून देवळात आले होते. तुझ्या शब्दाला वाडीत किंमत आहे. तू म्हणालीस तर बाकीचे म्हणतील. मला नको देऊस मान, पण आप्पांसाठी उभी राहा.

समीक्षा आणि वेदिका दोघी येतील. पायावर डोकं ठेवायची लायकी नाही, तरी ठेवतो.

तुझा
अन्या


मांडवी, रत्नागिरी
५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. हे पत्र आईला दाखवून लिहिते आहे, त्यामुळे उत्तर रझियाचाचींकडे पाठवायची गरज नाही.

बाबांनी गाऱ्हाणं घातलं तेव्हा मी आईच्या शेजारी, खांबाला टेकून उभी होते. तू पुढे होतीस म्हणून तुला मी दिसले नसेन. बाबांनी आंब्याला मोहोर मागितला, चाकरमान्यांना सुखी ठेव म्हणाले, गुराढोरांची राखण कर म्हणाले. शाळेचं नाव काढलं नाही. मग ते थांबले, आणि कोणीच काही बोललं नाही. गुरवाच्या हातातला नारळ तसाच राहिला. बाबा मान खाली घालून उभे होते. त्यांची मला दया आली, पण खोटं कशाला लिहू, मला बरंही वाटलं. मला वाटलं, आता बाबांना कळेल. आता आत्या माझ्याबद्दल बोलेल.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक आवाज आला. ज्या आवाजाने मला पाढे शिकवले तो मी डोळे मिटूनही ओळखते. तू व्हय म्हाराजा म्हणालीस.

तू म्हणालीस म्हणून राहीची आई म्हणाली. बाई म्हणतात म्हणजे विचार करूनच म्हणत असतील, असं वाटून मग सगळेच म्हणाले. नारळ फुटला. बाबांनी डोळे पुसले. येताना गाडीत ते आईला सांगत होते की ताईने सगळं मिटवलं, आता काही राहिलं नाही.

मी व्हय म्हटलं नाही. तेवढं तुला कळावं म्हणून लिहिते.

सोनं वाटताना राही भेटली. वर्ग बंद झाला, दिवाळीनंतर ती मुंबईला मावशीचं बाळ सांभाळायला जाणार आहे. तिने मला आपट्याचं पान दिलं, पाहुण्यांना देतात तसं, दोन्ही हातांनी. मी आठवीत आहे हे तिला कुणीतरी सांगितलंय. आमच्या बाकावर आता कॉम्प्युटरच्या मॉनिटरचा खोका ठेवलाय, एवढं तिची लहान बहीण म्हणाली.

मी इंग्रजी शिकते आहे. तू सांगितलंस तशी पुस्तकं वाचते. काल वर्गात पूर्ण उत्तर दिलं, कोणी हसलं नाही. तुला सांगावंसं वाटलं आणि मग वाटलं, कशाला?

बाबांनी मला फसवलं तेव्हा मी तुला पत्र लिहिलं होतं, आत्या. आता तुझं कुणाला लिहू?

खाट आता माझ्यासाठी राखू नकोस. पिल्लांना राहू दे.

माया आहे ती राहील. पण यापुढे मला शब्द देऊ नकोस.

वेदिका