पुसलेले ठिपके

सर, तुमच्या मुलीला मी शुक्रवारी नोकरी दिली. उपकार म्हणून नाही, आणि तुमची आठवण म्हणून तर नाहीच. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावं असं मला एकदाही वाटलं नाही. शुक्रवारपासून मात्र भांडी घासताना, भाजी चिरताना मी तुमच्याशीच बोलते आहे आणि मध्येच आवाज चढतो. म्हणून आज रविवारी दुपारी कागद घेऊन बसले.

मी आता एका मोठ्या हॉस्पिटलात पेशीतपासणीचा विभाग सांभाळते. आमची एक तंत्रज्ञ निवृत्त झाली, तिच्या जागी माणूस हवं होतं. दिवसभर सूक्ष्मदर्शकावर बसायचं आणि काचेवर पसरलेल्या हजारो पेशींतून बिघडलेली एक शोधायची, एवढंच ते काम. पण ते नीट करणारी माणसं या शहरात फार नाहीत. तीन अर्ज आले. पहिली मुलगी परीक्षेला आलीच नाही. दुसरा जालन्याचा, बारा वर्षांचा अनुभव असलेला. तिसऱ्या अर्जावर मधलं नाव तुमचं होतं, आणि पुढं तुमचं आडनाव. पुण्यात सहा वर्षं काम केलेलं. आता इकडं यायचं आहे, कारण आई घरात पडली, एकटी राहू शकत नाही आणि हे शहर सोडून पुण्याला यायला तयार नाही. हे सगळं तिनं अर्जातच लिहिलं होतं. आपली गरज अशी उघड लिहू नये हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी तो अर्ज दोनदा वाचला आणि मला बरं वाटलं. तिला जागा हवी होती आणि जागा माझ्या हातात होती.

मला तुम्ही घेतलंत तो दिवस आठवतो. औरंगपुऱ्यातली पहिल्या मजल्यावरची लॅब, खाली चष्म्याचं दुकान. मी बावीस वर्षांची, आईची साडी नेसून आलेली. तुम्ही वर न बघताच विचारता, "कुठली गं?" मी म्हणते, हर्सूलची. "सुटून आलीस की पळून?" तुम्ही म्हणता, आणि काउंटरवरचा माणूस, फरशी पुसणारी मावशी, सगळे हसतात. हर्सूल म्हटलं की लोकांना जेलच आठवतो. त्या दिवसापासून माझं नाव हर्सूल झालं. हर्सूल, ट्रे आण. हर्सूल, डोळे उघड. पाच वर्षांत तुम्ही मला माझ्या नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

मग तुम्ही दहा काचा पुढं ठेवल्या. आठव्या काचेशी मी अडले. "सर, याच्यात काई नाय." तुम्ही म्हणालात, "काही नाही म्हणजे काय? नॉर्मल लिहू?" "नाय सर. बघण्यापुरत्या पेशीच नाय आल्या याच्यात. नॉर्मल कसं लिवता?" तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलंत. "उद्यापासून ये." तो तुमचा सापळा होता. माझ्याआधी आलेले सगळे त्या काचेला नॉर्मल लिहून गेले होते. काच उभी सरकवायची, आडवी नाही. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवायची. वीस काचा झाल्या की खिडकीतून लांबचं झाड बघायचं. माझ्या हातात जे आहे ते सगळं तुमचं आहे. तुम्ही मूर्ख असता तर मी तुम्हाला केव्हाच विसरले असते.

तुमच्या लॅबची एक रीत होती. पहिली नजर माझी. संशयाची पेशी दिसली की मी काचेवर तिच्याशेजारी शाईचा बारीक ठिपका द्यायचा. त्यासाठी तुम्ही मुंबईहून एक पेन आणून दिलं होतं, सुईसारख्या टोकाचं. "हे कुणाला द्यायचं नाही," म्हणाला होतात. मी ते ओढणीच्या टोकानं पुसून ठेवायची. ठिपके दिलेल्या काचा ट्रेमधून तुमच्या टेबलावर. तुम्ही बघायचं, रिपोर्ट लिहायचा, सही करायची आणि स्पिरिटच्या कापसानं ठिपके पुसून काच डब्यात टाकायची. काच स्वच्छ असावी, एवढंच तुम्ही म्हणायचात. मीही तेवढंच समजले. कुठल्याही कागदावर माझी एक ओळ नव्हती, आणि यात काही चुकतंय असं मला पाच वर्षांत वाटलं नाही.

सोयगावकडची ती बाई अंगणवाडीत काम करायची. पस्तिशीची असेल. गर्भाशयाच्या तोंडाचा नमुना द्यायला आली होती आणि घाबरली होती, म्हणून मी तिला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी तिच्या काचेवर मी तीन ठिपके दिले. तुम्ही ती काच बघितलीत तेव्हा फोन तुमच्या कानाशी होता, मान वाकडी करून खांद्यात धरलेला. कुणाच्या तरी लग्नाच्या हॉलबद्दल बोलणं चाललं होतं. "साधं इन्फेक्शन आहे, बाकी नॉर्मल," तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, "सर, तिसरा ठिपका परत बघता का? पेशींची केंद्रं लई काळी हायेत." तुम्ही फोनवर हात ठेवलात. "हर्सूल, तू ठिपका दे. मत देऊ नको." मग कापूस फिरला आणि सही झाली.

चौदा महिन्यांनी ती भावाला घेऊन आली. दुसरीकडचे रिपोर्ट हातात होते. आजार पसरला होता. भाऊ ओरडला नाही. "मागल्या टायमाला तुमी नॉर्मल दिलं व्हतं, सायेब," एवढंच म्हणाला. तुम्ही उठलात, त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि माझ्याकडं बोट केलंत. "पहिली नजर हिची असते. पोरीच्या नजरेतून सुटलं. आजच काढतो हिला." मी म्हणाले, सर, तीन ठिपके होते. "कुठायत? दाखव," तुम्ही म्हणालात. डबा मागवलात, नंबर बघून ती काच काढलीत आणि सगळ्यांसमोर ट्यूबलाइटकडं धरलीत. काच स्वच्छ होती. चुकणं मी समजू शकते, सर. मीही चुकले आहे. पण काच उजेडात धरताना तुमचा हात हललासुद्धा नाही. ती बाई माझ्याकडं बघत होती. तिनं मला ओळखलं होतं.

त्यानंतर शहरातल्या एकाही लॅबनं मला दारात उभं केलं नाही. लासूर स्टेशनला एका लहान लॅबमध्ये चार वर्षं मी साखर आणि लघवी तपासली. बाई पुढच्या उन्हाळ्यात गेली, हे मला तुमच्या लॅबमधल्या फरशीवाल्या मावशीकडून कळलं. तुम्ही गेलात तेही तिनंच सांगितलं. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

ती काच माझ्याकडं आहे. तुम्ही मला हाकललंत त्या संध्याकाळी, तुम्ही हात धुवायला आत गेलात तेव्हा, मी ती डब्यातून काढली, गॉजमध्ये गुंडाळली आणि जेवणाच्या डब्यात घालून घरी नेली. एकोणीस वर्षं कपाटात होती. शुक्रवारच्या परीक्षेसाठी मी दहा काचा लावल्या. नंबर कागदानं झाकले. तुमचा पेशी नसलेला सापळा चौथा ठेवला आणि सोयगावच्या बाईची काच सातवी. आमच्या डॉक्टरमॅडम, ज्या रिपोर्टवर सही करतात, त्यांनी सगळ्या काचा एकदा बघितल्या. "ही सातवी कुठली काढली?" "जुनी आहे. माझ्याकडची." "रंग उतरलाय हिचा. अवघड नाही का जाणार?" मी म्हणाले, बघणाऱ्याला नाही जाणार.

तुमची मुलगी तुमच्यासारखीच बसते. चष्मा कपाळावर चढवते, काच उभी सरकवते. मी मागं उभी राहून तिची मान बघत होते. ती चुकावी अशी माझी इच्छा होती. तिचं बरोबर यावं अशीही होती, आणि ही दुसरी इच्छा पहिलीपेक्षा चांगली नव्हती. सातव्या काचेवर तिनं वीस मिनिटं घालवली. मग लिहिलं: कॅन्सरची दाट शंका, तीन जागी, नमुना तातडीनं पुन्हा घ्यावा. चौथ्या काचेला जालन्याच्या माणसानं नॉर्मल लिहिलं होतं. तिनं लिहिलं, पेशी अपुऱ्या, मत देता येत नाही.

मुलाखतीला आम्ही तिघीच होतो. मी विचारलं, "सातवी काच नॉर्मल म्हणून सही होऊन गेली असेल, तर?"

"अशी कशी जाईल, मॅडम?"

"समजा गेली."

"मग सही करणाऱ्यानं ती बघितलीच नाही."

"चांगला अनुभवी डॉक्टर असेल तर?"

"मग तर जास्तच वाईट."

"तुमच्या घरातला कुणी असेल तर?"

डॉक्टरमॅडमनी माझ्याकडं बघितलं. तुमची मुलगी थोडी हसली. "घरातला असला तरी तेच म्हणणार ना, मॅडम."

तिच्याकडून मी ते तीनदा म्हणवून घेतलं, सर. तिला माहीत नव्हतं ती कुणाबद्दल बोलते आहे. मला माहीत होतं, आणि तेवढ्यापुरतं मला फार गोड वाटलं.

मग डॉक्टरमॅडमनी सहज विचारलं, या कामाकडं कशा वळलात? ती म्हणाली, "पप्पांमुळे. त्यांच्या लॅबमध्ये टेक्निशियनच्या हातून एक केस सुटली होती. पप्पा ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. जेवता जेवता मध्येच थांबायचे. म्हणायचे, पोरगी हुशार होती गं, तिच्याकडून व्हायला नको होतं. मी लहान होते, पण तेव्हाच ठरवलं, आपण हे काम करायचं आणि नीट करायचं."

"काय नाव तिचं?" मी विचारलं.

"नाव नाही कधी सांगितलं. हर्सूल म्हणायचे तिला."

डॉक्टरमॅडम हसल्या. "आमच्या मॅडम पण हर्सूलच्याच."

"हो? मग तुम्ही ओळखत असाल तिला."

"हर्सूल मोठं आहे," मी म्हणाले.

जेवता जेवता थांबायचात म्हणे. घास अडकायचा, आणि तो अडकलेला घाससुद्धा तुम्ही माझ्याच नावावर टाकलात. घरात, ताटावर, बारा वर्षांच्या पोरीसमोर, जिथं कुणी तुम्हाला विचारत नव्हतं तिथंही तुम्ही तेच सांगितलंत. वर हुशार म्हणालात. ती बाहेर गेल्यावर मी निवडीच्या कागदावर पेन उघडून बसले. तिचं नाव खोडायला मला एक रेघ पुरली असती, आणि कुणीही कारण विचारलं नसतं. "हीच ना?" डॉक्टरमॅडम म्हणाल्या. "दुसऱ्यानं रिकामी काच नॉर्मल करून टाकली." मी म्हणाले, हीच.

कारण तुम्हाला सांगते. आमच्याकडं ठिपके पुसत नाहीत. ही रीत मी घातली. ठिपका देणाऱ्यानं शेजारच्या कागदावर आपलं मत लिहायचं आणि खाली पूर्ण नाव. डॉक्टरांना पटो न पटो, तो कागद काचेबरोबर राहतो. म्हणजे तुमची मुलगी रोज पन्नास वेळा तुमचं नाव लिहील, ठिपका देणारीच्या नावात. आणि उद्या, पहिल्याच दिवशी, तिला समोर बसवून सातव्या काचेची गोष्ट सांगायची, असं मी ठरवलं होतं. कापूस, फोन, ट्यूबलाइट. सगळं.

काल मी ती गोष्ट मनाशी सांगून बघितली. ती ट्यूबलाइटपाशी थांबत नाही. तुम्ही मला काढल्यावर आठवड्यानं त्या बाईचा भाऊ पत्ता विचारत हर्सूलला आमच्या घरी आला. दारातच उभा राहिला. "ताई, ती काच मुंबईला दाखवायची व्हती. डॉक्टर म्हणतेत सापडत नाय, सगळे डबे पालथे घातले. तुमच्याकडं हाय का?" काच माझ्या पाठीमागं कपाटात होती. तिच्यानं बहीण वाचली नसती, हे त्यालाही कळत होतं. कुणामुळं झालं एवढंच त्याला हवं होतं. पण ठिपके नसलेली काच काय सांगणार होती? पेशी आहेत, आणि पहिली नजर माझी. तो पुरावा माझ्याच विरुद्ध होता, सर. तुमचं बिंग फोडायला मी ती उचलली नव्हती. घाबरून उचलली होती. मी नाही म्हणाले. पाणी घेता का, असं विचारलं. तो नको म्हणाला आणि गेला. तुम्हाला शेवटपर्यंत कुणी जाब विचारला नाही, ते माझ्यामुळे.

तुमच्या मुलीला तुमचं सांगायचं तर हे सांगावं लागेल. आज सकाळपासून हे कसं गाळता येईल तेच बघते आहे. पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. शुक्रवारी परीक्षा आटोपल्यावर नऊ काचा मी विभागाच्या डब्यात परत ठेवल्या आणि सातवी पर्समध्ये घातली. "सगळ्या गेल्या ना जागेवर?" डॉक्टरमॅडमनी विचारलं. मी हो म्हणाले.