सड्यावरच्या तळीतला चिखल

सासूमांय, मी कोण ते आठवतंय का? जिवंतपणीही तुम्हाला माझं नाव आठवत नसे; "गो, तू" म्हटलं की तुमचं भागायचं. तर तीच बोलतेय. अक्षर नातीचं आहे, राग माझा.

सड्यावरची, कातळपठारावरची तळी पुन्हा खरवडायला निघालेत. तुमचा धाकटा, दुसरं कोण? पावसापुरती भरणारी आणि शिमग्याआधी सुकून भेगाळणारी ती तळी. तिचा सुका चिखल तुम्ही मिरच्यांच्या वाफ्यांना न्यायचात. न्यायचा तर न्या, पण आमच्या हळर्णला तळीतल्या मधल्या चिखलाला कोणी हात लावत नाही. नवी सून होते, तरी तसं बोलले. चार बायकांसमोर तुम्ही म्हणालात, "माहेरची अक्कल माहेराक ठेव." आणि कातळ दिसेपर्यंत खरवडलंत.

त्या पावसात तळी भरली ती उघडीबोडकी. साळकांची फुलं नाहीत, शंख नाहीत, उताणे पोहणारे ते सुंगटांच्या, कोळंबीच्या पिलांसारखे इवले जीव नाहीत, वर घिरट्या घालणारे चतुर नाहीत. डास मात्र पोटभर. चिखल सुकला म्हणजे मेला, असं तुम्हाला वाटलं. त्यात बी, अंडी, दार लावून बसलेले शंख, सगळा गाव निजला होता. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या आईनं हळर्णच्या तळीतला सुका चिखल गोणभर धाडला. तुळशीला माती, असं तुम्हाला सांगून मी तो आपल्या तळीत ओतला. पावसात साळकं वर आली, तेव्हा तुम्ही धाकट्याला बोट धरून नेलंत. "बघ रे, साफ केली म्हणान फुलली!" मी मागे उभी, तोंडात पदर.

तेच धरून तो आता जेसीबी आणतोय. काल मी सुक्या तळीच्या मधोमध खुर्ची टाकून बसले.

"वयनी, उठ. मांयन साफ केली तेव्हाच फुलली, माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"ती माझ्या आयच्या चिखलान फुलली."

"मेलेल्या माणसावर आळ घेतंस?"

साखळी गावचा जेसीबीवाला हसला आणि परवा येतो म्हणून गेला.

धाकटा तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. एकदा त्याच्या स्वप्नात जा, कान पिळा आणि म्हणा, चुकले. पण तुम्ही कसल्या म्हणताय! आणि खरं सांगू? त्यानं आवाज चढवला की तुमचाच आवाज येतो. या वयातही माझा हात पदराकडे जातो, पाय आपसूक उठायला बघतात. काल उठता उठता राहिले. उद्याचं सांगवत नाही.

नातीबाय, पुरे कर लिहिणं. हे धाडायचं नाही. तिथला पत्ता कुणाला ठाऊक? उद्या दुपारी तळीत पेज पाठव, तोंडी लावायला सुक्या बांगड्याची किसमूर. दोन वाडगे भर. तो उपाशी असला की जास्तच ओरडतो.