जमिनीत मुरलेला रंग

प्रिय बाबा,
जयभीम.

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. पत्र आज लिहितेय, कारण सकाळी मिलमागच्या वस्तीतली एक बाई शोधत शोधत कॉलेजात, माझ्या लॅबपर्यंत आली. हातात स्टीलचा डबा, त्यात हापशाचं पाणी. गुलाबी!

मी तपासलं. तुमच्याच रंगखात्यातला रंग. पण मिलला टाळं लागून चार वर्षं झाली, मग हा आता आला कुठून?

संध्याकाळी सीतारामजींकडे गेले. तुमच्या शेजारी उभं राहून त्यांनी जन्मभर रंग कालवला, त्यांनाच माहीत असणार. ते म्हणाले, "बिटिया, आखिरी हफ्ते में साहब ने गड्ढा खुदवाया था. बचे हुए सारे ड्रम मैंने और तेरे बाबा ने उसी में उलट दिए."

बाबा, मला का नाही सांगितलंत?

की सांगत होतात? मिल बंद पडल्यावर आपल्या गच्चीवर मी प्रयोग मांडला होता. परातीत रंगाचं पाणी, त्यात मी बनवलेली पांढरी पूड. तुम्ही विचारलंत, तेव्हा समजावलं होतं : यात दोन ऑक्साइड आहेत. पहिलं एकटंच असेल, तर ऊन पकडतं, पण लगेच सोडून देतं. दुसरं जोडीला असलं की ती ताकद टिकते आणि रंगाचे तुकडे करते. दुपारपर्यंत पाणी नितळ झालं. तुम्ही परातीशी उकिडवे बसून होतात.

"जमिनीत गेलेला रंगही तुटतो का गं?"

"तिथे ऊन कुठे पोचतं, बाबा?" मी हसत म्हणाले.

तुम्ही उठून जिना उतरलात. पुन्हा कधी वर आला नाहीत. मला वाटलं, हातचा रंग पुसला जाताना बघवला नसेल. तुम्ही कबुली द्यायला आला होतात आणि मी तुम्हाला शिकवत बसले!

रागही येतो तुमचा. रंग दिसायच्या आधीपासून तो पाण्यात असणार. वस्तीतली मुलं किती दिवस ते प्यायली असतील?

डोळे मिटले की तुम्ही दिसता. जमिनीकडे बघत बसलेले. हाक मारली तरी मान वर करत नाही.

उद्या जाऊन तो हापसा बंद करवते. सीतारामजी खड्ड्याची जागा दाखवणार आहेत. तिथलं पाणी उपसून उन्हात आणीन, जमेल तितकं. लोक विचारतील, कुणी ओतलं? हुकूम साहेबाचा होता, हे सांगेन. पण तुमचं नाव लपवणार नाही, बाबा. त्याच रंगावर मी शिकले, हेही सांगेन.

तुमची,
शालू