वाघाच्या तोंडाची गाडी

आबा, तुमचं ते म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही. चालू गाडीतनं उतरायचं न्हाय म्हणे. सहा वर्षांचा होतो मी. गडमुडशिंगीहून सायकलच्या नळीवर बसवून तुम्ही मला शहरातल्या बागेतली झुकझुक गाडी दाखवायला आणलं. मोठ्या माणसाला वेगळं तिकीट, म्हणून मला एकट्यालाच डब्यात बसवलं आणि साखळी अडकवली. वळणावर तुम्ही झाडाआड गेला, तसा मी साखळीखालनं पाय बाहेर काढला. तुम्ही चपला हातात घेऊन रुळाकडेनं पळत आला आणि नडगीवर एक ठेवून दिलीत. "चालू गाडीतनं उतरायचं न्हाय. कवाच न्हाय." पुढची सगळी फेरी तुम्ही डब्याच्या बरोबरीनं पळत होता. ते मला आता आठवतं. तेव्हा नुसती नडगी दुखत होती.

आठ वर्षांनी मिरजेच्या फलाटावर परत तेच. माझी शाळा सातवीत सुटलेली, भावकीतल्या एकाचं कानपुरात सोनं गाळायचं दुकान, आणि तुम्ही मला त्याच्या हवाली करताय. गाडी हलली, मी दारातनं उतरतो म्हटलं. तुम्ही नुसतं बोट वर केलंत. त्या वेळी मात्र पळाला नाहीत. छातीचं दुखणं जडलं होतं तुम्हाला, हे मला मागनं कळलं. दोन वर्षांत तुम्ही गेलात. पोटचा पोरगा मी, पण पोचलो तोवर रक्षाविसर्जन उरकलं होतं.

अकरा वर्षं झाली इथं कानपुरात. दहा बाय बाराची खोली, भट्टी, तेजाबाचा घशात बसणारा वास. कामावरनं उठताना कपडे झटकायचे आणि हात घमेल्यात धुवायचे. ते पाणी टाकत नाहीत, तळाला सोन्याचा कण बसतो. आम्हाला आत झोपवून मालक बाहेरनं कुलूप लावतो. चोरांसाठी, म्हणतो.

गेल्या महिन्यात पंधरा दिवस घरी जाऊन आलो. पोर चार वर्षांची झालीय, माझ्या मांडीवर बसत नाही. तिला घेऊन त्याच बागेत गेलो. गाडीला आता वाघाचं तोंड लावलंय. मधे पत्र्याचा बोगदा, त्यात कागदाच्या लगद्याची अस्वलं आणि टेपवर डरकाळ्या. जंगलगाडी म्हणतात. मी दोन तिकिटं काढली. तुमच्यापेक्षा एक जास्त, असं मनात आलंच. साखळी लावताना गाडीवाल्यानं पोरीला गमतीनं विचारलं, "कोण गं ह्ये तुजं?"

"पावणं हाईत," ती म्हणाली. "सोमवारी जाणार हाईत."

मागच्या डब्यातले हसले. मीपण हसलो.

बोगद्यात ती आईला हाका मारत किंचाळायला लागली. जवळ घेतलं तर कोपरानं ढकलून साखळीखाली शिरली. आणि आबा, माझ्या तोंडातनं तुमचं वाक्य आलं, तुमच्याच आवाजात. हातही उगारला होता. ती एकदम गप झाली. ते गप होणं मला ओळखीचं होतं. गाडी उजेडात आली तशी मी साखळी काढली, तिला छातीशी धरलं आणि उडी टाकली. वेग बेताचाच, तरी माझा गुडघा फुटला. गाडीवाला शिट्टी मारत आला आणि म्हणाला, "पावणं, पोरगी घिऊन उड्या मारताय, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" पोरीनं माझा गळा धरला होता, तो स्टँडवर येईतोवर सोडला नाही.

घरी तिचे लिमलेटच्या गोळीनं चिकट झालेले हात घमेल्यात धुतले आणि सवयीनं घमेलं उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवलं. बायको म्हणाली, "वता की ते. सोनं हाय काय त्यात?" मी लगेच ओतलं नाही.

सोमवारी निघालो. पोर एसटीच्या बाजूनं चार पावलं पळाली, मग आईनं तिला धरलं.

मनिऑर्डरचा एक फॉर्म जादा आणला होता, त्याच्या पाठीवर आता हे लिहितोय. कुणाला दाखवायचं नाही. उतरायची मला अजून भीती वाटते, तुमचं बोट दिसतं. माझ्या आईला दर महिन्याला तीन हजार जातात. ह्या महिन्याला कमी का, म्हणून ती विचारेल, तर मालकानं कापले म्हणून सांगणार आहे. कापले मीच. सातशे रुपये ठेवलेत, गावाकडच्या तिकिटाला, परतीचं धरलेलं नाही. पाठवतोय दोन हजार तीनशे.