ईशाच्या कॅसेटी

१७ नोव्हेंबर, सोमवार

चाळीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरसाठी आज नवीन प्रोग्राम कशाला लिहायचे? आमच्या वाडीतल्या केरूकाकांनी पालीच्या स्टँडवर हे विचारलं. गाडी सुटताना ते ओरडले, शिकलीस ती भंगार सांभाळायला काय गो मनाली? सगळी एसटी हसली. मीही हसले. घरातली पहिली पदवीधर म्हटल्यावर एवढं ऐकून घ्यावंच लागतं.

रत्नागिरीत विनीत सरांचं टीव्ही दुरुस्तीचं जुनं दुकान आहे. दुबई-मस्कतला गेलेल्यांनी त्या काळी बॅगेत घालून आणलेले घरगुती कॉम्प्युटर त्यांनी वरच्या खोलीत जमवलेत. त्यांचं आता संग्रहालय होणार. कीबोर्डएवढा डबा, तो टीव्हीला जोडायचा. माझं काम म्हणजे लॅपटॉपवर सी भाषेत प्रोग्राम लिहायचा, कंपायलरने तो डब्याला कळेलसा करायचा, आणि त्याचा आवाज कॅसेटवर भरायचा. लॅपटॉपमधून आवाज थेटही सोडता येतो, पण सरांना सगळं जुन्या रीतीनेच हवं. कॅसेट किंचाळते, पडद्याच्या कडेने रंगीत पट्टे धावतात, आणि अचानक चित्र उभं राहतं.

आज चाचणीला माझं नाव उभं राहिलं. इंग्रजी अक्षरांत, कारण डब्याला मराठी येत नाही. मी शिकवणार आहे. आमच्या शाळेतल्या मुलांना त्या पडद्यावर आपली अक्षरं दिसली पाहिजेत.

२० नोव्हेंबर

एका अक्षराला आठ ठिपक्यांची उंची. त्यात वेलांटी कुठे बसवू, उकार कुठे लटकवू? ‘ळ’ने रडवलं. शेवटी जमलं. सर म्हणाले, छान. मग म्हणाले, ईशाने हे निम्म्या जागेत बसवलं असतं.

ईशा माझ्या आधी इथे होती, आता बंगळुरूला नोकरी करते. तिचा होड्यांचा खेळ मी पाहिला. भरती आली की होड्या जयगडच्या खाडीत शिरतात, ओहोटीला गाळात रुततात. तिचा कोड वाचला. एक ओळ काढायला जागा नाही. वाचून झाल्यावर लॅपटॉप जरा जोरातच मिटला.

खालच्या खानावळीच्या सावित्रीकाकू तिची आई. ताट वाढताना त्यांचं एकच चालू असतं. माझी ईशा एकदा ऐकलं की करायची, माझ्या ईशाला कोणी शिकवायला नाय लागलं. वर मला म्हणतात, तू पण शिकशील गो, हळूहळू.

२४ नोव्हेंबर

उद्घाटन १४ डिसेंबरला. सर म्हणाले, ईशाचा खेळ लावू, ती येणारच आहे, तुझं मागाहून बघू. मी शाळेतल्या गुरुजींना कळवून बसलेय. मुलं येणार आहेत.

माझ्या अक्षरांसाठी कॅसेट मागितली. कोऱ्या आता कुठेच मिळत नाहीत. सरांच्या जुन्या कॅसेटी खाऱ्या हवेने बुरसल्यात. धड आहेत त्या फक्त ईशाच्या, तांदूळ घातलेल्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेल्या. त्यांना हात लावू नकोस, सरांनी बजावलं.

ते पोस्टात गेल्यावर मी होड्यांची कॅसेट काढली आणि तिच्यावर माझी अक्षरं भरली. वाईट वाटलं नाही.

२७ नोव्हेंबर

काकू आमटी वाढताना म्हणाल्या, माझी… आणि थांबल्या. माझी काय बरं, असं स्वतःलाच विचारत आत गेल्या. किती शांत जेवण झालं आज!

मग आणखी कॅसेटी काढल्या. आकड्यांचे खेळ, रंगांचे खेळ. माझ्याकडेही भरायला पुष्कळ आहे.

१ डिसेंबर

सरांनी अक्षरं पाहिली. उद्घाटनाला हेच लावायचं म्हणाले. मी मुद्दामच विचारलं, आणि ईशाचा खेळ? त्यांनी विचारलं, कोण ईशा?

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू.

खाली जेवायला गेले. भिंतीवर काकूंचा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरचा फोटो आहे. काकू हसताहेत, डावा हात बाजूला, कोणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा. हाताखाली कोणी नाही. कालपर्यंत तिथे परकर-पोलक्यातली मुलगी होती.

काकूंना विचारलं, हात असा का? त्या म्हणाल्या, काय माहीत गो, वाऱ्याने असेल.

जेवण गेलं नाही.

११ डिसेंबर

ईशा आली. बॅग हातात, दारातूनच आईला हाक. काकू म्हणाल्या, बसा, पावण्या कुठल्या? ती हसली. पुरे आता, आई. काकूंनी विचारलं, मासे खाता ना, की शाकाहारी?

ती सरांकडे गेली. सरांनी तिला कॉलेजचं नाव विचारलं.

मग माझ्याकडे. मागे एकदा आम्ही फोनवर बोललो होतो, कंपायलरच्या एका अडचणीवरून, तिनेच ती सोडवून दिली होती. तिने माझा हात धरला. तू तरी ओळखतेस ना मला?

मी नाही म्हटलं.

ओळखत होते, आणि नाही म्हटलं.

१२ डिसेंबर

ती खानावळीच्या पायरीवर बसून आहे. कालपासून —

काकूंनी पायरी झाडली. झाडू ती बसली होती तिथून सरळ गेला. अडला नाही.

तिने वर खिडकीकडे पाहिलं. मी मागे सरले.

१३ डिसेंबर

तिचा कोड लॅपटॉपवर आहे. सगळा. थेट आवाज सोडून पाहिला — होड्या आल्या, खाली काहीच बदललं नाही. बुरसलेल्या कॅसेटींवर भरून पाहिलं — नाही. तिच्याच कॅसेटी हव्यात. आणि त्यांच्यावर मी आहे.

कंपाइल केलं. एकही चूक नाही. तिच्या कोडात नसतेच.

आकड्यांची भरली. काकू पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर —

रंगांची भरली. सर जिन्यात. मला म्हणाले, तुम्ही कोणाकडे आलात?

उरली एक, होड्यांची. तिच्यावर माझी अक्षरं. न भरता भागेल का? खाली कान लावला. काकू तिला ईशा म्हणताहेत, पण माझी म्हणत नाहीत. अजून नाही.

उद्या मुलं येतील. होड्या बघतील. ‘ळ’ —

भरली. बटण मीच दाबलं. टेप शेवटपर्यंत जाऊ दिली.

खाली काकू मोठ्याने रडताहेत. माझी ईशा, माझी ईशा गो.

आईला फोन लावला. तिने विचारलं, कोण, कोणाची गो तू? मी म्हटलं, असं काय करतेस, आई, मी तुझी म